पंखावर फुंकलेली हवा आणि बॅलन्सवरचा आकडा

निपाणी आणि खानापूरच्या, सध्या बेळगावात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी मला एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या महाविद्यालयात ६०० बाय ६०० मिलिमीटर छेदाचे, उघड्या प्रकारचे छोटे विंड टनेल, म्हणजे प्रतिकृतीवर वारा सोडून मोजमाप करण्याचा बोगदा, आहे. त्यात त्यांनी नाका ००१५ या प्रमाणित छेदाचा, २०० मिलिमीटर जीवेचा (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या लांबीचा) पंख बसवला, त्याच्या पुढच्या कडेपासून १० टक्के अंतरावर अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवली आणि वर्कशॉपमधल्या कंप्रेसरची हवा त्या फटीतून पंखाच्या पृष्ठभागाला लगटून मागच्या दिशेने सोडली. वाऱ्याचा वेग सेकंदाला २० मीटर आणि फटीतून सुटणाऱ्या झोताचा, म्हणजे जेटचा, ४० मीटर होता. पंखाचा कोन १६ अंश असताना लिफ्ट (पंखाला वर उचलणारे बळ) ४० टक्क्यांनी वाढली आणि ड्रॅगचा (मागे ओढणाऱ्या बळाचा) गुणांक ०.०३ ने कमी झाला. हे आकडे खरे मानावेत का, आणि मोठ्या विमानाच्या पंखाला ते लागू पडतील का, असे त्यांनी विचारले आहे. हा प्रकल्प त्यांना स्पर्धेत मांडायचा आहे आणि हातात तीन महिने आहेत.

आधी थेट उत्तर देतो. हवा फुंकल्यामुळे तुमच्या पंखाचा स्टॉल, म्हणजे कोन फार वाढल्यावर प्रवाह सुटून लिफ्ट कोसळणे, लांबला, हे मला मान्य आहे. तसे होणे अपेक्षितच आहे. मात्र ४० टक्के आणि ०.०३ हे दोन आकडे ज्या रीतीने मोजले आहेत, त्या रीतीने ते अजून पंखाचे आकडे झालेले नाहीत. त्यात पंखाचा वाटा किती, हवेच्या नळीचा किती, जेटच्या स्वतःच्या धक्क्याचा किती आणि टनेलच्या भिंतींचा किती, हे वेगळे करायचे राहिले आहे. या प्रकारच्या चाचणीत मी २५ वर्षांहून अधिक काळ काढला आहे, आणि माझ्या अनुभवात हवा फुंकणे हा तिचा सोपा भाग असतो. न फुंकलेला पंख नेमका कसा वागतो हे पक्के करणे आणि फुंकलेल्या हवेचा हिशेब पैशापैशाने मांडणे, हा अवघड भाग आहे, आणि चाचणीचा कस तिथेच लागतो.

मूळ घटना आपल्या शिवारातही दिसते. उसाला पाणी देताना पाट एकदम रुंद केला, तर पाणी काठ सोडून मधूनच पुढे जाते आणि काठाशी भोवरा धरून उलटे फिरते, कारण काठालगतचे पाणी आधीच मंद झालेले असते आणि पुढे वाढत जाणाऱ्या दाबाविरुद्ध सरकण्याचे बळ त्यात उरत नाही. पंखाच्या वरच्या अंगावरही तेच होते. पुढच्या कडेजवळ दाब सर्वांत कमी असतो आणि मागे जाताना तो वाढत जातो. पृष्ठभागाला चिकटून चालणारा हवेचा पातळ थर, म्हणजे सीमास्तर, घर्षणाने थकलेला असतो. कोन वाढला की तो या चढावर अडतो आणि पंखापासून सुटतो. लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत सीमास्तराची कल्पना मांडली, तेव्हाच त्यांनी सिलिंडरच्या एका अंगावरच्या फटीतून हा थकलेला थर आत शोषून घेतला की प्रवाह त्या बाजूला जास्त अंतरापर्यंत चिकटून राहतो, हे दाखवले होते. सक्रिय प्रवाह-नियंत्रण म्हणतात ते हेच : बाहेरून ऊर्जा देऊन त्या थराला बळ द्यायचे किंवा तो थर काढून टाकायचा.

ही केवळ प्रयोगशाळेतली गोष्ट नाही. भारतीय हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालेल्या मिग-२१ विमानाच्या नंतरच्या आवृत्त्यांत, ओझरच्या कारखान्यात बनलेल्या मिग-२१ बिसमध्येसुद्धा, इंजिनाच्या कंप्रेसरमधून काढलेली हवा उतरताना फ्लॅपवर फुंकली जात असे. लहान त्रिकोणी पंखाचे ते विमान उतरताना फार वेगात येई आणि तो वेग कमी करण्यासाठी ही सोय केलेली होती. इंजिनातून काढलेली हवा फुकट मिळत नाही, तेवढा जोर इंजिनाला गमवावा लागतो, हे तिच्या आरेखकांना माहीत होते. ही किंमत तुमच्या मांडणीत कुठे दिसत नाही. तिच्याकडे मी पुढे येतो.

पहिली शंका तुमच्या मूळ पंखाबद्दल आहे. बेळगावच्या हवेत २० मीटर वेगाला २०० मिलिमीटर जीवेच्या पंखाची रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे प्रवाहाच्या जडत्वाचे त्याच्या चिकटपणाशी असलेले गुणोत्तर, साधारण २ लाख ३० हजार येते. या टप्प्यावर पंखाच्या पुढच्या भागात सीमास्तर अजून शांत, थरावर थर असा असतो. तो लवकर सुटतो, सुटल्यावर खवळतो आणि कधी पुन्हा चिकटतो, कधी चिकटत नाही. अशा पंखावर अगदी थोडा खडबडीतपणा आला तरी स्टॉल लांबू शकतो. म्हणजे तुमच्या जेटने सीमास्तराला बळ दिले, की त्याला नुसते खवळवले, हे सध्याच्या मोजणीतून कळत नाही. ते कळण्यासाठी फुंकलेल्या पंखाची तुलना तीन वेगवेगळ्या पंखांशी करावी लागेल. एकात फट पातळ टेपने बंद करून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. दुसऱ्यात फट उघडी ठेवायची पण हवा सोडायची नाही. तिसऱ्यात फट बंद ठेवून पुढच्या कडेजवळ नागमोडी कापलेली चिकटपट्टी किंवा बारीक वाळूची रेघ लावायची. तिसऱ्या पंखाने तुमच्या ४० टक्क्यांपैकी ३० टक्के मिळवून दिले, तर सगळा प्रकल्पच वेगळ्या नजरेने पाहावा लागेल. दुसऱ्या पंखाकडेही दुर्लक्ष करू नका. उघड्या फटीच्या आतली पोकळी पंखाच्या रुंदीभर एकसंध असते आणि फटीच्या एका टोकाकडची हवा आत शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडू शकते. त्यामुळे नुसत्या उघड्या फटीनेच पंख बिघडलेला मी पाहिला आहे. त्या बिघडलेल्या पंखाशी तुलना केली की फुंकण्याचा फायदा आपोआप मोठा दिसू लागतो.

दुसरी गोष्ट सांगताना मला स्वतःची चूक सांगावी लागेल. कारकिर्दीच्या सुरुवातीला एका प्रयोगशाळेत आम्ही असाच फुंकणारा पंख बॅलन्सवर, म्हणजे पंखावरची बळे मोजणाऱ्या उपकरणावर, बसवला होता. हवा आणण्यासाठी १० मिलिमीटरची पॉलियुरेथेन नळी बाहेरच्या खांबापासून थेट पंखाच्या टोकात नेली होती. आठवडाभर मोजमापे घेतली, आलेख सुंदर आले आणि प्रत्येक कोनाला लिफ्टमध्ये जवळपास सारखीच भर दिसली. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत टनेल बंद केले, पण हवेचा व्हॉल्व्ह बंद करायचे राहून गेले. त्या आधी आम्ही फट टेपने झाकली होती. परत आलो तेव्हा पडद्यावर लिफ्टचा आकडा तसाच स्थिर उभा होता. टनेलमध्ये वारा नव्हता, फटीतून हवा बाहेर येत नव्हती, तरी पंख वर उचलला जात होता. नळीला हात लावला तेव्हा कारण कळले : दाब नसताना मऊ असलेली ती नळी ३ बारच्या दाबाने काठीसारखी ताठ झाली होती आणि सरळ होण्याच्या प्रयत्नात पंखाला ढकलत होती. तो आठवडाभराचा सारा विदा आम्हाला टाकून द्यावा लागला.

म्हणून टनेलचा वारा सुरू करण्याआधी दोन चाचण्या कराव्यात. फट पूर्ण बंद करून नळीत चाचणीएवढा दाब द्यावा आणि बॅलन्सवर काय दिसते ते नोंदवावे. हा नळीचा वाटा झाला. मग फट उघडून, टनेल बंद ठेवून हवा फुंकावी आणि पुन्हा नोंद घ्यावी. आता नळीच्या वाट्यात जेटचा धक्का मिसळलेला असतो, आणि दोन्हींची वजाबाकी केली की जेटचा धक्का मिळतो. नळीचा वाटा मोजून नंतर वजा करण्यापेक्षा तो मुळातच लहान ठेवणे केव्हाही चांगले. नळी पातळ आणि मऊ घ्यावी, लिफ्ट आणि ड्रॅग या दोन्ही दिशांना काटकोनात, पंखाच्या फिरण्याच्या अक्षावरून आणावी आणि तिला सैल वळण द्यावे. दोन नळ्या समोरासमोरून आणल्या तर त्यांचे ढकलणे बरेचसे एकमेकांना खोडून काढते. शिवाय प्रत्येक कोनाला ही नोंद पुन्हा घ्यावी, कारण पंख फिरला की नळीचे वळणही बदलते.

आता ड्रॅगकडे वळू. तुमच्या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. तुमचेच आकडे घेऊन हिशेब करू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. २७ अंश तापमानाला इथल्या हवेची घनता घनमीटरला साधारण १.०७ किलो भरते. २० मीटर वेगाला गतिज दाब, म्हणजे वाऱ्याच्या वेगामुळे येणारा दाब, सुमारे २१५ पास्कल येतो, आणि ०.२ बाय ०.६ मीटरच्या पंखावर त्याचे बळ सुमारे २६ न्यूटन होते. ड्रॅगच्या गुणांकात ०.०३ ची घट म्हणजे ०.७७ न्यूटन. आता तुमच्या फटीतून सेकंदाला १२ लिटर, म्हणजे जवळजवळ १३ ग्रॅम हवा ४० मीटर वेगाने मागे फेकली जाते. तिचा धक्का सुमारे ०.५२ न्यूटन आहे. तुम्हाला मिळालेल्या ०.७७ न्यूटनच्या फायद्यातला दोन तृतीयांश भाग एवढा आहे. पृष्ठभागावरच्या घर्षणात या धक्क्याचा काही अंश खर्ची पडतो हे खरे, पण ड्रॅगमधली घट मुख्यतः पंखावरचा प्रवाह सुधारल्यामुळे झाली असे या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. तुमच्या पंखाला तुम्ही एक छोटे जेट इंजिन बसवले आहे आणि बॅलन्स त्याचा जोरही मोजतो आहे.

हिशेब इथे संपत नाही. टनेलमध्ये तुमची हवा बाहेरच्या टाकीतून येते. विमानात ती वाऱ्यातूनच घ्यावी लागेल. २० मीटर वेगाने समोरून येणारी १३ ग्रॅम हवा सेकंदाला आत ओढून थांबवायची म्हणजे ०.२६ न्यूटन ड्रॅग, गुणांकात ०.०१, पदरी घ्यावा लागतो. पंखामागे दाबनळ्यांची फणी लावून ड्रॅग मोजलात, तर हे हवा आत घेण्याचे देणे त्या मोजणीत आपोआप धरले जाते. बॅलन्सच्या मोजणीत ते येत नाही. दोन्ही पद्धतींचे आकडे जुळत नाहीत म्हणून विद्यार्थी गोंधळतात आणि एक पद्धत चुकली असे समजतात. प्रत्यक्षात दोन्हींमध्ये फुंकलेल्या हवेचे वस्तुमान गुणिले वाऱ्याचा वेग एवढा फरक असलाच पाहिजे, आणि तो तसा आला तर तुमची मोजणी नीट झाल्याची ती खूण आहे. मात्र पंख पूर्ण सुटलेला असताना मागच्या भोवऱ्यांत फणीवर विसंबू नये.

राहिला ऊर्जेचा हिशेब. सेकंदाला १२ लिटर हवा ४० मीटर वेगाने सोडायला आदर्श स्थितीत सुमारे १० वॅट लागतात. ०.७७ न्यूटन ड्रॅग वाचल्याने २० मीटर वेगाला सुमारे १५ वॅट वाचतात. इथपर्यंत फायदा दिसतो. पण ब्लोअर, नळ्या आणि पोकळी धरून एकूण कार्यक्षमता ३० टक्के मानली तर १० वॅटसाठी ३४ वॅट मोजावे लागतात आणि व्यवहार तोट्यात जातो. याचा अर्थ प्रकल्प निरर्थक आहे असा मुळीच नाही. जादा लिफ्टमुळे पंख लहान करता आला किंवा धावपट्टी कमी लागली, तर हा खर्च भरून निघू शकतो. मात्र स्पर्धेतले परीक्षक नेमके हेच विचारतील, आणि उत्तराचा तक्ता तुमच्याजवळ तयार असला पाहिजे.

जेटची ताकद सांगण्यासाठी संवेग गुणांक वापरतात : जेटचा संवेग भागिले गतिज दाब आणि पंखाचे क्षेत्रफळ. तुमच्या आकड्यांनी तो २ टक्के येतो. इथे दोन ठिकाणी घसरायला होते. पहिले ठिकाण घनतेचे. पाठ्यपुस्तकातली १.२२५ ही समुद्रसपाटीची घनता बेळगावात वापरली आणि पिटो नळीवरून, म्हणजे वाऱ्याचा दाब टिपणाऱ्या नळीवरून, वाऱ्याचा वेग काढला, तर तो ६ टक्क्यांहून अधिक कमी येतो. जेटचा वेग मात्र तुम्ही फ्लोमीटर आणि फटीच्या क्षेत्रफळावरून काढला असल्याने तो बदलत नाही, आणि गुणांक १४ टक्क्यांनी फुगतो. आपल्या भागातल्या प्रकल्प-अहवालांत ही चूक मी वारंवार पाहिली आहे. भिंतीवर वायुदाबमापक आणि तापमापक लावा आणि प्रत्येक फेरीला दोन्ही टिपून घ्या. एप्रिलमध्ये सकाळी आठ आणि दुपारी दोन यांच्यामध्ये घनता ३ टक्क्यांनी सहज बदलते.

दुसरे ठिकाण फटीच्या तोंडाशी आहे. तुम्ही पोकळीतला दाब आणि जेटचा वेग यांचे नाते पंख टेबलावर ठेवून ठरवले आहे. टेबलावर फट वातावरणात उघडते. टनेलमध्ये ती पंखाच्या शोषणाच्या भागात उघडते. तिथला दाबगुणांक, म्हणजे गतिज दाबाच्या पटीत मोजलेला दाबातला फरक, उणे २ असेल, तर २० मीटर वाऱ्यात फटीबाहेरचा दाब वातावरणापेक्षा सुमारे ४३० पास्कलने कमी असतो. पोकळीत तुम्ही ४० मीटरसाठी लागणारे साधारण ८६० पास्कल राखलेत, तरी प्रत्यक्षात जेट ४९ मीटरच्या आसपास बाहेर पडेल आणि गुणांक २ ऐवजी ३ टक्के होईल. शिवाय कोन बदलला की तोही बदलेल. त्यामुळे जेटची ताकद पोकळीच्या दाबावरून न ठरवता हवेच्या वस्तुमान-प्रवाहावरून ठरवावी आणि फटीलगत दाबाचे एक छिद्र ठेवावे.

८६० पास्कल म्हणजे पाण्याच्या ८८ मिलिमीटर उंचीएवढा दाब. नळ्यांतला तोटा धरला तरी २ ते ३ हजार पास्कल पुरतात. एवढ्यासाठी ७–८ बारचा कंप्रेसर वापरणे म्हणजे विहिरीवरच्या पंपाने तुळशीला पाणी घालणे झाले. त्यात मिनिटाला ७२० लिटर हवा साध्या ५ अश्वशक्तीच्या पिस्टन कंप्रेसरच्या आवाक्याबाहेरची आहे. टाकीतला साठा दोन-तीन मिनिटांत उतरतो, आणि कोन वाढवत नेताना जेट तुमच्या नकळत मंदावत जाते. तुमच्या आलेखात १८ अंशांनंतर लिफ्ट एकाएकी पडलेली दिसते. तो पंखाचा स्टॉल आहे की टाकी रिकामी झाल्याची खूण, हे मला तरी त्या आलेखावरून ओळखता येत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात फौंड्रीच्या कपोलाला, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या भट्टीला, वारा देणारे ब्लोअर तुम्ही पाहिले असतील. त्याच जातीचा छोटा, जास्त दाबाचा ब्लोअर आणि त्याला वेग बदलणारा ड्राइव्ह मिळाला, तर तासभर एकसारखी, तेलाचा अंश नसलेली हवा मिळेल.

फटीचे कामही इथेच उत्तम होऊ शकते. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत ०.०५ मिलिमीटरचा फरक पडला, तर त्या ठिकाणी हवा १० टक्क्यांनी कमी-जास्त होते आणि पंख रुंदीभर सारखा वागत नाही. तुम्ही फट थ्रीडी प्रिंटरवर केली आहे. तिचे ओठ दाबाने उघडतात हेही लक्षात घ्या. माझा सल्ला असा की ओठांचा भाग तेवढा ॲल्युमिनियमचा घेऊन वायरकटवर, म्हणजे तारेच्या ठिणगीने धातू कापणाऱ्या यंत्रावर, करून घ्यावा. हत्तरगीच्या औद्योगिक वसाहतीत विमानांचे सुटे भाग घडवले जातात आणि उद्यमबाग, मच्छे इथे अचूक काम करणारे कारागीर आहेत. या जिल्ह्यात राहून फट वाकडी राहण्याचे कारण नाही. फट तयार झाली की रुंदीभर वीस ठिकाणी फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून मोजा, मग हवा सोडून तिथेच हॉट-वायरने, म्हणजे तापवलेल्या बारीक तारेने, वेग मोजा. फटीच्या मध्यभागी मोजलेला एकच आकडा पुरेसा नसतो.

एकसारखी हवा फुंकण्याऐवजी ती ठेक्याने सोडली, तर कमी हवेत तेवढाच परिणाम साधतो. सुटू पाहणाऱ्या थरात मोठे भोवरे उठतात आणि ते बाहेरची वेगवान हवा खाली आणतात. या भोवऱ्यांना योग्य ठेका दिला की काम सोपे होते. फटीपासून मागच्या कडेपर्यंतचे अंतर गुणिले वारंवारता भागिले वाऱ्याचा वेग हे गुणोत्तर १ च्या आसपास ठेवतात. तुमच्या पंखात ते अंतर १८० मिलिमीटर आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ११० ठोके. पिझो चकतीचा (विजेने थरथरणाऱ्या चकतीचा) सिंथेटिक जेट, म्हणजे तीच हवा आळीपाळीने आत ओढून बाहेर फेकणारा झोत, वापरायचा विचार तुम्ही कळवला आहे. अशी चकती बहुधा याहून पुष्कळ वरच्या वारंवारतेला जोरात हलते. तेव्हा तिला तिच्या स्वतःच्या वारंवारतेवर चालवून तिचा जोर ११० च्या ठेक्याने चढवावा-उतरवावा लागेल, किंवा चकतीऐवजी छोटा लाउडस्पीकर वापरावा लागेल. सिंथेटिक जेट हॉट-वायरने मोजताना मात्र सावध राहा. तारेला हवेची दिशा कळत नाही; बाहेर फेकलेली आणि आत ओढलेली हवा तिला सारखीच वाटते, आणि सरसकट सरासरी काढली तर जेट आहे त्याहून बलवान दिसते. प्लाझ्माच्या, म्हणजे विजेने पृष्ठभागाजवळची हवा आयनित करून ढकलण्याच्या, वाटेला तुम्ही या प्रकल्पात जाऊ नये असे मला वाटते. त्याला हजारो व्होल्ट लागतात आणि जवळच्या सेन्सरांत त्याचा गोंगाट शिरतो.

भिंतींचा प्रश्न थोडक्यात सांगतो. १६ अंशांना तुमचा पंख टनेलच्या उंचीचा ९ टक्के भाग अडवतो. सुटलेल्या पंखामागचा मंद हवेचा पट्टा जाड असतो आणि चिकटलेल्या प्रवाहाचा पातळ, म्हणून भिंतींची दुरुस्ती दोन्ही स्थितींना वेगवेगळी लागते; दोन्हींना एकच दुरुस्ती लावली तर फरक खोटा येतो. पुढचा पंख १५० मिलिमीटर जीवेचा करा. बाजूच्या भिंतीशी पंख जिथे मिळतो तिथे हवा आधी सुटते, ते बघायला पंखावर धाग्यांचे तुकडे चिकटवा. वडगावच्या मागावर उरलेला रेशमाचा पातळ धागा यासाठी मी वर्षानुवर्षे वापरत आलो आहे. ३० मिलिमीटरचे तुकडे, एका टोकाला टेपचा इवलासा ठिपका. वारा चिकटलेला असतो तिथे धागे एका दिशेने नुसते थरथरतात. तो सुटला की ते उठून उलटे वळतात, आणि ही सीमारेषा मोबाइलच्या कॅमेऱ्यातही स्पष्ट येते. कोन वाढवताना आणि कमी करताना अशा दोन्ही वाटांनी मोजा, कारण एकदा सुटलेली हवा पुन्हा चिकटायला कोन बराच खाली आणावा लागतो. प्रत्येक कोनाला फुंकून आणि न फुंकता लागोपाठ मोजा. सकाळी सगळे एक आणि दुपारी सगळे दुसरे, असे करू नका. पावसाळ्यानंतर दाबाची छिद्रे तपासा. कुंभारीण माशी एका रात्रीत नळीत मातीचे घर बांधते, आणि मग ते छिद्र दिवसभर एकच दाब दाखवत राहते.

मोठ्या विमानाला हे लागू पडेल का, या प्रश्नाचे उत्तर रेनॉल्ड्स संख्येत आहे. प्रवासी विमान उतरताना त्याच्या पंखाची ही संख्या २ कोटींच्या घरात असते, तुमच्यापेक्षा ८०–९० पट जास्त. तिथे सीमास्तर आधीच खवळलेला असतो, त्यामुळे खवळवण्याने मिळणारा फायदा तिथे मिळत नाही. म्हणूनच नासा आणि बोइंग यांनी हे तंत्र विमानावर नेण्याआधी लहान प्रतिकृतीवर समाधान मानले नाही. २०१३ मध्ये त्यांनी बोइंग ७५७ चे खरेखुरे उभे शेपूट नासाच्या एम्स केंद्रातील ४० बाय ८० फुटांच्या टनेलमध्ये बसवले. रडरच्या अलीकडे, स्वतःहून डावी-उजवीकडे झुलणाऱ्या ३१ जेटची ओळ होती. या जेटमध्ये हलणारा एकही भाग नसतो, आतल्या पोकळीचा आकारच हवेला झुलवतो. रडर पूर्ण ३० अंश वळवला असताना बाजूचे बळ २० टक्क्यांहून अधिक वाढले. २०१५ मध्ये हेच ७५७ विमानावर उडवून पाहिले, आणि त्यासाठी शेपटातल्या सहायक इंजिनाची गरम हवा थंड करून घ्यावी लागली. शेपूट निवडण्यामागचे कारण तुम्ही समजून घ्यावे असे मला वाटते : एक इंजिन बंद पडले तर विमान सरळ ठेवण्यासाठी शेपूट मोठे करावे लागते, आणि ती वेळ क्वचित येते. नेहमी वाहून न्यावे लागणारे वजन कमी करायचे आणि हवेचा खर्च क्वचितच करायचा, असा तो सौदा आहे. तुमच्या ३४ वॅटचे उत्तरही असा एखादा उपयोग शोधण्यात मिळू शकते.

आता हातात असलेल्या तीन महिन्यांविषयी. नवे काही फुंकण्याआधी पहिला महिना मी वर सांगितलेल्या तीन न फुंकलेल्या पंखांना आणि नळीच्या चाचणीला द्या. दुसऱ्या महिन्यात ब्लोअर आणि नवी फट. तिसऱ्या महिन्यात वेगवेगळ्या संवेग गुणांकांना मोजा आणि त्यात अगदी लहान गुणांकही घ्या; मंद जेट बहुधा लिफ्ट वाढवण्याऐवजी घटवते, आणि ती घट तुमच्या आलेखात दिसली तर मला तुमच्या मोजणीबद्दल अधिक खात्री वाटेल. नासाच्या लँग्ली केंद्रातल्या, भिंतीवरच्या ४२० मिलिमीटर लांबीच्या उंचवट्यावरून हवा सुटण्याच्या प्रयोगाचा विदा सर्वांसाठी खुला आहे. तुमचे संगणकी गणित आधी त्यावर तपासून घ्या. मोजमाप स्थिर झाल्यावर मोठ्या टनेलची गरज वाटली, तर आयआयटी कानपूरच्या ३ बाय २.२५ मीटरच्या टनेलमध्ये सेकंदाला ८० मीटर वेग मिळतो, आणि बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेचे १४ बाय ९ फुटांचे टनेल आहे, जिथे रात्री बेळगावहून निघालात तर सकाळी पोहोचता. जाताना तुमच्या नळीच्या चाचणीचा कागद बरोबर न्या. तिथले अनुभवी लोक सर्वांत आधी तोच मागतील.

थ्रीडी प्रिंट केलेल्या पोकळीला कंप्रेसर जोडलेला आहे तोवर मध्ये अर्ध्या बारला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवा आणि टनेलच्या काचेसमोर कुणाला उभे राहू देऊ नका. प्लास्टिकचे थर सांध्यावर अचानक फुटतात आणि त्यांचे तुकडे सुरीसारखे येतात.